‘सॅटिस्फॅक्शन’चा तो करकरीत आवाज: छोट्या अ‍ॅम्पवर कसा काढायचा

गणपतीची मिरवणूक सोलापूरच्या नवी पेठेत शिरली की बेंजोची गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. वाद्य तसं साधंच. मोजक्या तारा, त्यांच्यावर टाइपरायटरसारख्या कळा आणि आत एक पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग. पण मशीन (अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजेच अ‍ॅम्प) पूर्ण फिरवलेलं असतं आणि पुढे भोंगे असतात, त्यामुळे तारेचा आवाज तारेचा उरतच नाही. तो चिरका, दाट, नाकातून आल्यासारखा होतो आणि हलगीच्या वरून थेट गल्लीच्या टोकाला पोचतो. मी हेच ऐकत मोठा झालो. पुढे कधीतरी रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडचं ‘सॅटिस्फॅक्शन’ कानावर पडलं. सुरुवातीचे चार-पाच सूर ऐकले आणि वाटलं, अरे, हा तर आपल्या ओळखीचा आवाज!

नुसता भास नव्हता तो. दोन्हीकडे घडतं ते एकच. यंत्राला झेपेल त्यापेक्षा जास्त आवाज आत ढकलला की ते लाटेचा माथा आणि तळ सपाट कापून टाकतं. गोल लाटेची चौकोनी लाट होते. चौकोनी लाटेत मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट वेगाचे सूर मिसळलेले असतात. क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांतही हेच विषम पटीतले सूर जोरकस असतात. म्हणून असा आवाज तारेपेक्षा फुंकवाद्याच्या जवळ जातो. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढची प्रत्येक सेटिंग तिच्यावर उभी आहे.

नवी इलेक्ट्रिक गिटार घेतलेली मुलं माझ्याकडे हा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ही सुरांची ओळ, घेऊन येतात. सूर त्यांना पाच मिनिटांत जमतात, आवाज काही केल्या जमत नाही. मग गेनचा (आवाज फाडणारा) नॉब सहावरून आठवर, आठवरून दहावर जातो. आवाज मोठा होतो, जाड होतो, मेटलच्या बँडसारखा होतो, आणि हवा तो आवाज अजून लांब जातो. खरं म्हणजे इथे काढून टाकण्याचं काम जास्त आहे. खर्ज काढायचा, अ‍ॅम्पचा गेन काढायचा, सुराची शेपटी काढायची.

हा आवाज आला कुठून

१९६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स या गायकाचं गाणं ध्वनिमुद्रित होत होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होता. मिक्सिंगच्या कन्सोलमधला त्याचा चॅनेल बिघडला आणि बासचा आवाज फाटून आला. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने नंतर तो बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं, आणि १९६२ मध्ये गिब्सनने ते मेस्ट्रो या नावाखाली बाजारात आणलं. एफझेड-१ फझ टोन. फझ म्हणजे असा फाटका, करकरीत आवाज. पायाने दाबायची पाचरीच्या आकाराची पेटी, आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर (जर्मेनियम या पदार्थाचे, आवाज वाढवणारे छोटे भाग), दीड व्होल्टचे दोन सेल, वर दोनच नॉब: व्हॉल्यूम आणि अ‍ॅटॅक. जाहिरात अशी केली की ही पेटी लावली की गिटार ट्रम्पेटसारखी, ट्यूबासारखी वाजेल. सुरुवातीला लोकांनी फारशी घेतली नाही.

मग १९६५ चा मे उजाडला. स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याला हा रिफ अर्धवट झोपेत सुचला होता. उशाशी असलेल्या टेपरेकॉर्डरवर त्याने तो वाजवून ठेवला. सकाळी ऐकलं तर टेपवर थोडा रिफ आणि पुढे नुसतं घोरणं. १० मे रोजी शिकागोच्या चेस स्टुडिओत गाणं एकदा मुद्रित झालं, ते जमलं नाही. दोन दिवसांनी हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत पुन्हा केलं, आणि या वेळी गिटारच्या वाटेत फझ टोन होता. रिचर्ड्सच्या मनात ही गिटार शेवटपर्यंत राहायचीच नव्हती. ही जागा ट्रम्पेट-सॅक्सोफोनची, गिटारने फक्त खूण करून ठेवायची, असा त्याचा विचार होता. बाकीच्यांना होतं तसंच आवडलं, जूनमध्ये रेकॉर्ड अमेरिकेत बाहेर पडली, आणि वर्ष संपायच्या आत दुकानांतले फझ टोन संपले. अमेरिकन गायक ओटिस रेडिंगने त्याच वर्षी हे गाणं खरोखरच फुंकवाद्यांवर केलं. ते एकदा जरूर ऐका. रिचर्ड्सच्या डोक्यात काय वाजत होतं ते त्यात कळतं.

म्हणजे आपल्याला गिटार दुसऱ्या गिटारसारखी वाजवायची नाही. लग्नाच्या बँडमधल्या ट्रम्पेटवाल्यासारखी वाजवायची आहे. तो जिभेने सूर सुरू करतो आणि श्वासाने तोडतो.

सूर

सगळं काम पाचव्या तारेवर, म्हणजे ‘ए’च्या तारेवर. दुसरा, चौथा आणि पाचवा फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या). पहिलं बोट दुसऱ्यावर, तिसरं चौथ्यावर, करंगळी पाचव्यावर. चढताना २, २, मग २, ४, ५. पाचव्यावर थांबायचं. मग ५ वरून ४ वर उतरत परत २ वर, आणि तिथूनच पुढची फेरी सुरू. उतरताना कोणत्या सुरावर किती घाव पडतात ते मी लिहून देत नाही. गाणं लावा आणि कानाने मोजा, ते तसंच जास्त पक्कं बसतं.

घरात बाजाची पेटी (हार्मोनियम) असेल तर आणखी सोपं. गाणं ‘ई’ सुरात आहे. त्याला सा धरला तर हा रिफ म्हणजे प प, प ध नी, आणि नी कोमल. शुद्ध गंधार आणि कोमल निषाद, म्हणजे आपला खमाज थाट. सोलापुरात भजनी मंडळात बसलेल्या मुलांना हे एकदा सांगितलं की तबलेचर, म्हणजे फ्रेटचे आकडे लिहिलेला कागद, लागत नाही.

लय साधारण मिनिटाला १३६ ठोके. सुरुवात ८० पासून करा.

गिटार

कुठलीही चालेल. पिकअपचा खटका पुलाच्या बाजूला, म्हणजे ब्रिज पिकअपवर. मानेजवळचा पिकअप गोड आणि गोल वाजतो, इथे तो कामाचा नाही. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण. टोनचा नॉब मात्र पूर्ण उघडा ठेवू नका, सहा ते आठच्या मध्ये आणा. सिंगल कॉइल (तारेच्या एका वेटोळ्याचा पिकअप) असेल तर सहा, जाड हंबकर (दोन वेटोळ्यांचा) असेल तर आठ. तारा नऊच्या असोत की दहाच्या (हे जाडीचे आकडे), फरक हाताला जाणवेल, कानाला फारसा नाही. अकूस्टिक गिटारला पिकअप लावून फझमधून घालू नका. पोकळ खोका फीडबॅक, म्हणजे स्पीकरचाच आवाज परत पकडून शिट्टी, देतो आणि कान बधिर होतात.

अ‍ॅम्प

नवशिक्याकडे बहुतेक दहा-पंधरा वॅटचा प्रॅक्टिस अ‍ॅम्प असतो, सहा किंवा आठ इंचांच्या स्पीकरचा. तेवढा पुरे. त्यावर क्लीन (स्वच्छ) आणि ड्राइव्ह (फाटका) असे दोन चॅनेल असतील तर क्लीन निवडा. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. फझ पेडल (तीच पायाने दाबायची पेटी) आणि ड्राइव्ह चॅनेल दोन्ही चालू करतात. पेडलने कापलेली लाट अ‍ॅम्प पुन्हा कापतो आणि सुराचा चेहराच पुसला जातो. मळवायचं काम एकाच जागी करा, बाकी सगळं स्वच्छ ठेवा.

सगळे नॉब शून्यावर आणून सुरू करा. आकडे दहापैकी सांगतो.

गेन असेल तर दोन. बास तीन. मिडल सात. ट्रेबल पाच. रिव्हर्ब (घुमारा) शून्य. व्हॉल्यूम खोलीला झेपेल तेवढा.

आता एकेकाबद्दल. बास तीन ऐकून मुलं नाराज होतात, कारण घरात एकट्याने वाजवताना आवाज पातळ वाटतो. पण गाण्यात खर्जाची जागा बास गिटार आणि ड्रमने आधीच धरलेली आहे. स्टोन्सच्या बिल वायमनचा बास रिफच्या खालून चालतो. तिथे गिटारनेही खर्ज भरला तर दोघांची माती होते. बेंजोच्या भोंग्यात तरी खर्ज कुठे असतो? म्हणूनच तो ढोलताशातून आरपार ऐकू येतो. तेव्हा गिटार एकटी वाजवून बास ठरवूच नका. मोबाइलवर एखादा ड्रम-बासचा ट्रॅक लावा, अ‍ॅम्पला ऑक्स (मोबाइलची वायर लावायची जागा) असेल तर तिथून सोडा, आणि त्याच्यासोबत वाजवून ठरवा. जो आवाज एकटा असताना किडकिडीत वाटला तो ट्रॅकसोबत बरोबर जागेवर बसतो. हे एकदा स्वतःच्या कानांनी अनुभवलं की पुन्हा बास वाढवावासा वाटत नाही.

मिडल हा या आवाजाचा प्राण. नाक इथेच आहे. रिफ चालू ठेवून डाव्या हाताला दुसरं कुणी बसवा आणि त्याला मिडलचा नॉब हळूहळू शून्यापासून दहापर्यंत फिरवायला सांगा. शून्यावर आवाज लांब, पत्र्यामागे असल्यासारखा. चार-पाचपर्यंत नुसता जवळ येतो. सहाच्या पुढे कुठेतरी एकदम ‘आं’ असा स्वर उमटतो, जणू सुराने तोंड उघडलं. तो ‘आं’ ऐकू आला की हात काढून घ्या. तुमच्या अ‍ॅम्पवर तो साडेसहाला येईल किंवा आठला. माझा आकडा सात आहे तो माझ्या अ‍ॅम्पचा.

काही छोट्या अ‍ॅम्पवर मिडलचा नॉब नसतोच, फक्त बास आणि ट्रेबल. तिथे दोन्ही उतरवा आणि व्हॉल्यूम वाढवा. दोन टोकं खाली गेली की मधलं आपोआप वर येतं. नुसता एकच ‘टोन’ नॉब असेल तर मध्यावर ठेवा आणि उरलेलं काम गिटारच्या नॉबवर करा.

ट्रेबलबद्दल एक काळजी. अ‍ॅम्प जमिनीवर असतो, आपण उभे असतो. स्पीकरचे तीक्ष्ण सूर सरळ रेषेत पुढे जातात, त्यामुळे ते आपल्या पोटऱ्यांना ऐकू येतात, कानांना नाही. मग आपण ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेला माणूस कानावर हात ठेवतो. अ‍ॅम्प स्टुलावर किंवा खुर्चीवर ठेवा, तोंड कानाकडे करा, आणि मग ट्रेबल ठरवा. बहुतेक वेळा तो एक-दोन अंकांनी खाली येतो.

फझ

गिटारमधून निघालेली वायर थेट फझमध्ये, फझमधून अ‍ॅम्पमध्ये. मध्ये ट्यूनर पेडल किंवा वायरलेस असेल तर आधी काढून बघा. बऱ्याच फझ सर्किटांना गिटारचा पिकअप थेट समोर लागतो. मध्ये दुसरं यंत्र आलं की तीच पेटी वेगळी, बहुधा जास्त कर्कश वाजते.

नवी पेडल्स वेगवेगळ्या नावांची असतात. नॉबवर फझ, सस्टेन किंवा अ‍ॅटॅक लिहिलेलं असेल, ते सगळे एकाच कामाचे. घड्याळाच्या काट्यासारखा धरला तर तो दोनच्या आसपास ठेवा. पूर्ण फिरवला तर सूर लांबतो, आणि हा रिफ लांबणाऱ्या सुरांचा नाही. व्हॉल्यूम अशा बेताने ठेवा की पेडल चालू केल्यावर आवाज बंद असतानापेक्षा जरासा वर यावा. जरासाच. दारातून कुणी खोलीत पाऊल टाकावं तेवढा.

नव्या मुलांनी पेडल सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याला कारण सोलापूरचं ऊन आहे. जर्मेनियम उन्हाला नाजूक. तापमान दर दहा अंशांनी चढलं की त्यातली विजेची गळती साधारण दुप्पट होते. आपल्याकडे डिसेंबरची पहाट चौदा-पंधरा अंशांची आणि मेची दुपार त्रेचाळीस-चव्वेचाळीसची. म्हणजे गळती जवळजवळ आठपट. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत एसी १२८ नावाचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतात. मी तसे दोन एका बंद पडलेल्या रेडिओतून काढून, हातानेच सोल्डर मारून एक फझ तयार केला. जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू असताना, तो असा वाजला की मी रात्रभर हातातून गिटार सोडली नाही. एप्रिलच्या शेवटी पत्र्याच्या खोलीत दुपारी तोच फझ लावला तर सूर धरेना. घाव घातला की फुसकन आवाज आणि मध्येच तुटायचा. मी सोल्डरचे सांधे तपासले, वायर बदलली, सेल बदलला. संध्याकाळी सातनंतर गच्चीवर नेला तर पुन्हा पहिल्यासारखा. बिघाड कुठेच नव्हता, नुसतं ऊन होतं. जर्मेनियमचा आवाज मला आजही जास्त आवडतो. त्याची कड थोडी मऊ असते. पण मी तो उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत वाजवतो.

विजेबद्दल दोन गोष्टी, कारण इथे पैसे जळतात. बहुतेक पेडलना ९ व्होल्टचा, मध्ये ऋण टोक असलेला अ‍ॅडॅप्टर लागतो. पेडलच्या मागे वर्तुळांची छोटी खूण असते, ती अ‍ॅडॅप्टरवरच्या खुणेशी जुळवा. घरात पडलेला दुसरा कुठला अ‍ॅडॅप्टर पिन बसली म्हणून लावू नका. मी एकदा लावला होता. वास आला आणि पेडल गेलं. दुसरं, काही जर्मेनियम फझ उलट्या ध्रुवाचे असतात. ते इतर पेडलबरोबर एका अ‍ॅडॅप्टरच्या माळेत घालू नका, त्यांना स्वतंत्र सेल द्या.

गुणगुण येणारच. फझ जे मिळेल ते वाढवतो, भिंतीतल्या विजेची गुणगुणही. सिंगल कॉइलची गिटार असेल तर बसल्या जागी हळूहळू वळून बघा, एखाद्या दिशेला गुणगुण निम्मी होते. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे शेजारी यंत्रमाग चालू असतात, तिथे त्यांच्या मोटारींच्या लाइनवर अ‍ॅम्प नसेल हे बघा. थांबताना गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणायची सवय लावा. मात्र गुणगुण घालवायला म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन कधीही कापू नका. तीच पिन तुमचा जीव सांभाळते. जुन्या वाड्यात अर्थिंगच नसेल तर आधी वायरमनला बोलवा.

फझ नसेल तर

पेडल घ्यायची घाई नको. अ‍ॅम्पच्या ड्राइव्ह चॅनेलवर गेन सात, बास दोन, मिडल आठ, ट्रेबल पाच, आणि गिटारचा टोन पाचवर. हा आवाज फझ नाही. ओव्हरड्राइव्ह लाटेच्या कडा गोल घासतो, फझ सुरीने कापतो. पण साठ-सत्तर टक्के पोचता येतं, आणि उरलेलं हाताने भरता येतं.

प्रोसेसर (अनेक पेडलची नक्कल करणारा एकच डबा) असेल तर त्यात फझचं एक मॉडेल बहुधा असतंच. ते निवडा आणि अ‍ॅम्पचं मॉडेल स्वच्छ ठेवा. मोबाइलवरचं अ‍ॅप वापरत असाल तर कॅबिनेट, म्हणजे गिटारच्या स्पीकरची नक्कल, चालू आहे का ते पाहा. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो, हेडफोन काहीच गाळत नाही. कॅबिनेट बंद असेल तर फझ कानाशी डास गुणगुणल्यासारखा वाजतो आणि मुलांना वाटतं अ‍ॅपच वाईट.

खोली

आपल्याकडे खाली शहाबादी फरशी, भिंती सिमेंटच्या, वर स्लॅब किंवा पत्रा. अशा खोलीत तीक्ष्ण सूर भिंतीभिंतीवर आपटत राहतात आणि फझ दुप्पट कर्कश होतो. उपाय घरातच आहे. सोलापुरी चादर चौघडी करून अ‍ॅम्पच्या खाली घाला, म्हणजे स्टुलातून जाणारी घरघर थांबते. दुसरी चादर अ‍ॅम्पच्या समोरच्या भिंतीवर, भिंतीपासून वीतभर पुढे, दोरीवर वाळत घातल्यासारखी टांगा. भिंतीला चिकटवू नका, मध्ये हवा हवी. एकदा टाळी वाजवून बघा, चादर टांगा आणि परत टाळी वाजवा. पहिल्या टाळीला जी ‘ट्रिंग’ अशी शेपटी असते ती दुसरीला आखूड होते. जुनी, धुऊन मऊ झालेली जड चादर नव्या कडक चादरीपेक्षा चांगली.

हात

इथे मात्र थोडा वेळ द्या. सगळे नॉब माझ्या आकड्यांवर ठेवून एकाच गिटारवर दोन मुलांनी वाजवलं तर एकाचा रिफ उठतो आणि दुसऱ्याचा पडतो. फरक हातात असतो.

सगळे घाव वरून खाली. वरून खाली, खालून वर असं आलटून पालटून वाजवलं तर एक सूर जड आणि एक हलका पडतो. १३६ च्या लयीला खालचे घाव सहज जमतात. पिक (तार छेडायची नखी) जाड घ्या, तारेला पुलाच्या थोडं जवळ मारा.

फझ चालू असताना दुसरी कुठलीही तार नुसती हलली तरी चिखल होतो. दोन सूर एकत्र कापले गेले की त्यांच्यातून तिसरेच, न वाजवलेले सूर तयार होतात. हा रिफ एका तारेवर आहे ते म्हणूनच सोयीचं. उजव्या तळव्याची कड सहाव्या तारेवर टेकलेली ठेवा. डाव्या हाताचं पहिलं बोट सरळ बारसारखं हलकंच चौथ्या-तिसऱ्या तारांवर टेकू द्या, दाबू नका. पेडल चालू करून, काहीच न वाजवता, उजव्या हाताने सगळ्या तारांवरून एकदा पिक फिरवा. फक्त ‘खर्र’ असा मेलेला आवाज आला तर बोटं बरोबर आहेत. कुठे एखादा सूर जिवंत ऐकू आला तर ती तार अजून झाकायची आहे.

आता सुराचा शेवट. फ्रेटवरचं बोट उचलू नका, फक्त दाब सोडा. तारेला बोट टेकलेलंच राहू दे. असं केलं की सूर कात्रीने कापल्यासारखा थांबतो आणि दोन सुरांमध्ये खरी शांतता येते. पहिल्या दोन ‘प’मध्ये ही शांतता नसेल तर रिफ घरंगळतो. ट्रम्पेट वाजवणारा तिथे नवा श्वास घेतो. मी मुलांना आधी गिटार बाजूला ठेवायला लावतो आणि तोंडाने ‘ता, ता… ता-ता-ताऽऽ’ असं जीभ मारून म्हणायला सांगतो. लाजतात, पण म्हणतात. मग तेच बोटांत उतरतं.

एक मुलगा तीन आठवडे नॉब फिरवत होता. म्हणाला, “दादा, सगळं तुम्ही सांगितलं तसंच ठेवलंय, तरी गोधडीतून आल्यासारखं वाजतंय.” मी त्याच्या अ‍ॅम्पला हातही लावला नाही. त्याला फक्त दाब कधी सोडायचा ते दाखवलं. चौथ्या फेरीला त्याचा मित्र दारातून ओरडला, “काय बे, गिटार वाजवलालास का बेंजो?” त्याच्या आवाजाला यापेक्षा चांगली पावती मिळाली नसती.

तपासणी

वाजवताना कान फसतात. मोबाइल अ‍ॅम्पपासून दोन हात लांब, थोडा तिरका ठेवून रेकॉर्ड करा. अ‍ॅम्पच्या तोंडाशी ठेवला तर मोबाइल स्वतःच आवाज दाबून टाकतो. मग त्याच इअरफोनवर एकदा मूळ गाणं आणि एकदा तुमचं, आलटून पालटून ऐका. १९६५ ची ती सिंगल मोनो होती, रेडिओच्या छोट्या स्पीकरमधून ऐकली जाणारी. तुलना करताना मोबाइलच्याच स्पीकरवरही ऐका. तिथे तुमचा रिफ गायब होत असेल तर मिडल कमी आहे. खसखस जास्त असेल तर ट्रेबल किंवा फझ उतरवा. सूर एकमेकांत मिसळत असतील तर नॉबला हात लावू नका, ‘हात’ या भागाकडे परत जा.

जमलेली सेटिंग लिहून ठेवा. मी नॉबच्या बाजूला पेन्सिलने बारीक रेघ मारतो.

पाय

रिफ चालू असतो तेव्हाच फझ चालू. रिफ थांबतो तिथे गिटार स्वच्छ होते, मागे अकूस्टिक गिटार चालू राहते, आणि रिफ परत आला की फझ परत येतो. त्यामुळे पायालाही सराव लागतो. अनवाणी करा, खटक्याची जागा तळव्याला कळते. रिफच्या पहिल्या सुराच्या आधीच्या मात्रेला दाबायचं. सुरावर दाबलं तर सुराचा पहिला तुकडा स्वच्छ जातो आणि पुढचा फाटतो. बसून शिकला असाल तर शेवटचे आठ दिवस उभं राहून वाजवा. गिटारचा पट्टा ढिला असेल तर पाय उचलताना हात हलतो, तो आधी नीट करा.

हेडफोन लावून मूळ गाणं शांतपणे ऐकलं तर फझ चालू होताना रिचर्ड्सच्या पायाखालचा खटका ऐकू येतो. टक्. तुमच्या रेकॉर्डिंगमध्येही तो येईल. पुसू नका.